हौशी पेटी आणि तिचे ऐकणारे

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमध्ये दिवाणाखाली किंवा माळ्यावर पेटी असलेली घरं अजूनही बरीच सापडतात. कुठे आजोबांनी भजनासाठी घेतलेली, कुठे मुलीच्या ‘प्रवेशिका पूर्ण’साठी आणलेली, कुठे नाटकाच्या तालमीला उसनी आणून परत द्यायची राहून गेलेली. वाजवणारेही असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शाळेत गणित शिकवणारी, कुणी गुजरीत दागिने घडवणारा. यांना कार्यक्रम करायचे नसतात, मानधन नको असतं, मंचाची तर धास्तीच असते. पण रोज तासभर भूप घोटल्यावर तो कुणीतरी ऐकावा एवढी इच्छा मात्र असते. घरचे ऐकतात, म्हणजे दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज थोडा कमी करतात.

परदेशातल्या हौशी पियानोवादकांनी यावर एक साधा उपाय काढला आहे. एक तारीख ठरवायची, प्रत्येकाने घरी वाजवलेल्या एका रचनेचं ध्वनिमुद्रण त्या दिवसापर्यंत पाठवायचं, मग सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकायचं आणि दोन शब्द कळवायचे. याला ते मैफलच म्हणतात, जरी एकही जण दुसऱ्याच्या समोर बसलेला नसतो. आपल्याकडे टाळेबंदीच्या काळात, २०२० च्या उन्हाळ्यात, हेच पेटी, तबला, बासरी आणि कीबोर्डच्या बाबतीत आपोआप घडलं. क्लास बंद, भजन बंद, हातात फोन. तेव्हापासून ही चाल पूर्ण थांबलेली नाही. या सगळ्या ऐकण्या-ऐकवण्याचा आढावा घ्यायचा तर कोल्हापूर ही जागा सोयीची आहे, कारण हौशी वादकाला श्रोता कसा मिळवून द्यायचा हा प्रश्न या गावाने एकदा उत्तम सोडवलेला होता. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा मैफलीत मिळणाऱ्या कौतुकाबद्दल सगळे भरभरून बोलतात, पण तिचा खरा उपयोग ठरलेल्या तारखेचा आहे.

आधी गावाकडे वळू. १८८३ पासूनची परंपरा सांगणारा गायन समाज देवल क्लब ही खासबागेच्या परिसरातली संस्था मुळात गाणं-वाजवणं आवडणाऱ्यांनी एकत्र बसण्याची जागा. तिथे शिकवणी होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बैठक होती. त्यातच शाहू महाराजांच्या आश्रयामुळे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले आणि जयपूर-अत्रौली गायकी गावाच्या कानावर पडू लागली. गायकाची उंची किती, हे ठरवण्याची मोजपट्टीच त्यामुळे बदलली. हौशी माणसाला असं गाणं आठवड्या-पंधरवड्याला ऐकायला मिळणं म्हणजे काय, हे गोविंदराव टेंब्यांकडे पाहिलं की कळतं.

टेंबे १८८१ चे, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. पेटी ते बव्हंशी आपली आपणच शिकले. कलासंगीताची ओळख देवल क्लबमुळे झाली, हे श्रेय ते मोकळेपणाने देत. पुढे भास्करबुवा बखल्यांची साथ आणि मार्गदर्शन लाभलं. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली नाही. पण ती गायकी ऐकून ऐकून इतकी मुरवली की पेटीतून तिची वळणं उमटू लागली. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पूरब ढंगाच्या ठुमरी-कजरी-दादऱ्याचे वळसे मराठी रंगभूमीवर आले ते त्या नाटकातून. दोन वर्षांनी बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले, १९१५ साली स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त संगीतही दिलं आणि हरिश्चंद्रही उभा केला.

एवढा मोठा माणूस हौशी कसा, असं कुणी म्हणेल. शेवटपर्यंत हौशी राहिला असं मीही म्हणत नाही. पण घडला तो हौशी माणसासारखा. गुरुगृही बारा वर्षं राहून नव्हे, तर ऐकून, घरी येऊन पेटीवर चाचपडून, पुन्हा जाऊन ऐकून आणि चारचौघांत वाजवून. या चारातलं शेवटचं पाऊल आपण नेहमी विसरतो. देवल क्लबसारख्या ठिकाणी वाजवायला बसलं की समोर जाणकार असत आणि त्यांची दाद काटकसरीची असे. मान हलली तर कमाई. कुणी पान लावायला घेतलं की समजायचं, जागा फसली. तिथे शब्दांत फारसं कुणी काही बोलत नसे, पण वादकाला ताबडतोब कळे. आणि हे कळणं वाजवता वाजवताच होत असे, म्हणजे पुढच्या आवर्तनात सुधारायची संधी हातात असे. फोनवर आठ तासांनी आलेल्या शेऱ्याला हे जमत नाही.

त्या काळची आणखी एक बाजू लक्षात ठेवायला हवी. ज्यांच्यामुळे हे गाव कानाने श्रीमंत झालं त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. भास्करबुवांचंही नाही. दोघांच्या हयातीत ग्रामोफोन कंपन्यांचा धंदा जोरात होता, तरी त्यांचा आवाज तबकडीवर आला नाही. त्यांच्याबद्दल आज जे कळतं ते शिष्यांच्या गळ्यातून आणि टेंब्यांसारख्या ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून. खाँसाहेबांचे पुत्र भुर्जीखाँ कोल्हापुरात राहून शिकवत होते. धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या, मल्लिकार्जुन मन्सूरांनाही त्यांची तालीम मिळाली. ज्या परंपरेने ध्वनिमुद्रणावर विसंबायचं नाकारलं, तिच्याच गावात आज ‘मध्यमा’ला बसणारं पोरही आपला यमन गुरुवारी रात्री दीडशे जणांना पाठवून मोकळं होतं. यात कुणी बिघडलं असं मला वाटत नाही. दोन टोकं मात्र नजरेसमोर असावीत.

पेटी हौशी लोकांच्या घरी मुक्कामाला राहिली याला एक सरकारी कारणही आहे. वाद्य मूळचं फ्रान्सचं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर देबाँने पॅरिसमध्ये पायाने भाता मारायच्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून वाजवायची, हाताच्या भात्याची केली आणि देशभर तिचा प्रसार झाला. मग तक्रारी सुरू झाल्या. मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी तर बावीस श्रुतींचा हिशेब मांडून खास श्रुती-हार्मोनियमच बनवून घेतली. इतका खटाटोप करूनही वाद मिटला नाही, आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं, तेही आधी निवडक साथीदारांपुरतं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं; म्हणजे आमच्या भागाला जवळचं केंद्र मिळालं तेव्हा पेटीवर बंदी चालूच होती. ध्वनिचाचणी द्यावी, श्रेणी मिळवावी, रेडिओवर नाव यावं, हा सतारियाला किंवा बासरीवाल्याला खुला असलेला रस्ता पेटीवाल्याला तीस वर्षं नव्हताच.

यातून जे झालं ते अनपेक्षित होतं. पेटी नाटकात, भजनात, कीर्तनात आणि घरगुती बैठकीत राहिली आणि तिथेच वाढली. पी. मधुकरांनी एकल पेटी लोकप्रिय केली, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर मूळचे गोव्यातल्या बोरीचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेटीवाल्यांना आपल्याच घरी काही आल्यासारखं वाटलं. मुंबईत गोविंदराव पटवर्धन, पुण्यात अप्पा जळगावकर, आणि आमच्या शेजारी बेळगावात रामभाऊ बिजापुरे. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या कितीतरी हौशी वादकांची बोटं बिजापुऱ्यांच्या किंवा त्यांच्या शिष्यांच्या वळणाची आहेत. मला ती लगेच ओळखू येतात: तान लांबली तरी भाता हिसकत नाही.

पियानोचं काय, असं कुणी विचारेल, कारण ज्यांच्यावरून ही चाल आली ते पियानोवाले. गोव्यात आणि मुंबईत पियानोची घराणीच आहेत, चर्चमुळे, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांमुळे आणि सिनेमामुळे. कोल्हापुरात पियानो हे वाद्य रुजलं नाही. तारांचा ताण सांभाळायला ट्यूनर लागतो, तो इथे मिळत नाही. जून ते सप्टेंबरची ओल लाकडाला सोसत नाही. त्याची जागा आधी संगीत नाटकातल्या ऑर्गनने, म्हणजे पायपेटीने घेतली आणि नंतर कीबोर्डने, ज्याला कुठल्याही कंपनीचा असला तरी आपण कॅसिओच म्हणतो. पायपेटीचा तो भरदार, न तुटणारा सूर ज्यांनी बालगंधर्वांच्या पदांमागे ऐकलाय त्यांना साध्या पेटीचा आवाज पातळ वाटतो, हे खरं आहे. पण आज पायपेटी घरात ठेवायला जागा कुणाकडे आहे?

हौशी पियानोवाल्यांच्या जगातून घेण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते पैशावर अवलंबून नाही. पॅरिसमध्ये १९८९ पासून आणि अमेरिकेत फोर्ट वर्थला १९९९ पासून खास हौशी वादकांच्या स्पर्धा होतात. डॉक्टर, वकील, विमानचालक येऊन वाजवतात; पियानोवर पोट भरणाऱ्याला प्रवेश नाही. ‘गार्डियन’चे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनी पन्नाशी उलटल्यावर शोपँचं पहिलं बलाद वर्षभरात बसवायचं ठरवलं. रोजची जमेल तेवढी वीस मिनिटं, आणि तेच वर्ष विकिलीक्सच्या बातम्यांचं. त्यावर त्यांनी २०१३ साली पुस्तकही लिहिलं. मला मात्र त्याहून जुनं, चार्ल्स कुक या पत्रकाराचं १९४१ सालचं पुस्तक अधिक उपयोगी वाटतं. हौशी वादकाने नवीन रचना घेतली की तिच्यातल्या अडणाऱ्या जागा आधी शोधून त्यांना मोडलेलं हाड समजावं, असं तो सांगतो. त्याच्या मते हाड जुळून आलं की तिथेच ते सगळ्यांत मजबूत होतं, म्हणून त्या जागा रोज वेगळ्या घोटायच्या, संपूर्ण रचना वाजवायच्या आधी. आपल्याकडे पलटे घोटून घेतात, पण गतीतली नेमकी अडणारी जागा वेगळी काढून घोटायची शिस्त हौशी लोकांत कमी दिसते. आपण पहिल्यापासून सुरू करतो, अडलो की पुन्हा पहिल्यापासून. परिणामी मुखडा सोन्यासारखा आणि अंतरा कायम कच्चा.

इथेच तारखेचा मुद्दा येतो. घरी वाजवणारा माणूस काहीही पूर्ण करत नाही. केदारचा आलाप छान लागला की तो दोन दिवस आलापच करत बसतो. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा भावगीताची चाल आठवते. वर्षाअखेरीस त्याच्याकडे पंधरा रागांची सुरुवात असते आणि एकाचाही शेवट नसतो. परीक्षेला बसणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला परीक्षक समोर दिसत असतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगावच्या मुलांना निदान ठरावीक राग, ठरावीक ताल आणि तिहाईसकट शेवट करायला लावला, हे त्यांचं ऋण कुणी फारसं मानत नाही. चाळिशीतल्या माणसाला परीक्षा नको असते. त्याला महिन्याच्या शेवटच्या रविवारी सात मिनिटांचं, विलंबित नको तर मध्यलय, पण सुरुवातीपासून तिहाईपर्यंतचं वादन पाठवायचं आहे, एवढं सांगितलं की पुरे. लाल ठिपका सुरू झाला की हात कापतात. घरच्या भिंतीसमोर दहा वेळा नीट वाजलेली तान फोनसमोर अडखळते. पण शेवटापर्यंत जायची गरज निर्माण होते, आणि त्याहून मोठं म्हणजे पाठवायच्या आधी स्वतःचं ऐकावं लागतं.

स्वतःचं वादन पहिल्यांदा ऐकण्याचा अनुभव कुणालाच सुखाचा नसतो. वाजवताना आपण ठेक्यात आहोत असं वाटत होतं, ऐकताना दिसतं की प्रत्येक तानेला लय चढते आणि समेवर येताना घाईने उडी पडते. भाता मोकळा सोडला की स्वर ढळतो, हे वाजवताना कानाला कळतच नाही, कारण लक्ष बोटांवर असतं. मी ज्या ज्या हौशी वादकांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं की इतरांच्या शेऱ्यांपेक्षा त्यांना स्वतःच्या ध्वनिमुद्रणाने जास्त शिकवलं. टेंब्यांच्या पिढीला ही सोय नव्हती. त्यांना बैठकीतल्या चेहऱ्यांवर आपलं वादन वाचावं लागे.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण बरेच जण तिथेच हात टेकतात. फोन पेटीवर ठेवून मुद्रण केलं की लाकडातून पट्ट्यांची टकटक आणि भात्याचा फुसकारा सुरांपेक्षा मोठा येतो. फोन पेटीपासून हात-दीड हात दूर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, खाली घडी केलेली शाल ठेवून लावला तर आवाज एकदम माणसात येतो. खर्जाचे सूर उघडून जोरात वाजवलं की फोन आपण होऊन आवाज खाली ओढतो आणि पुढचा हळुवार आलाप फुगवून दाखवतो. मग वादनातला चढ-उतार नाहीसा होतो आणि ऐकणारा म्हणतो, एकसुरी वाजवलंय. तो दोष वादकाचा नसतो. पावसाळ्यात तर आणखी भानगड. पट्ट्या फुगून चिकटतात, एखादा सूर दाबल्याशिवायच बोलू लागतो. जुलैत पाठवलेल्या वादनात मध्यम सतत हलकासा ऐकू आला तर रागाबद्दल वाद घालण्याआधी पेटीबद्दल विचारावं.

एकत्र वाजवणं हा वेगळाच प्रश्न. २०२० साली अनेकांनी व्हिडिओ कॉलवर तबला आणि पेटी जमवायचा प्रयत्न केला आणि सगळे हरले. कारण साधं आहे. हवेतून आवाज एक सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठोका ३० सहस्रांश सेकंदांनी उशिरा येतो, आणि चांगल्या वादकाला तिथूनच अडचण जाणवू लागते. कॉलवर हा उशीर दीडशेच्या घरात सहज जातो, म्हणजे तबलजी पन्नास मीटर लांब बसवल्यासारखं. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्राच पाव सेकंदाची. त्यातली निम्म्याहून अधिक वाटेतच गेली तर सम कुणाची, हे ठरवायचं कसं? त्यात आणखी एक विनोद. कॉलची यंत्रणा गोंगाट काढून टाकण्यासाठी सतत, न बदलणारा आवाज ओळखून दाबते, पंख्याचा वगैरे. तानपुरा नेमका तसाच असतो. कित्येक ऑनलाइन शिकवण्यांत गुरुजी सांगत होते ‘तानपुरा लावा’ आणि शिष्य शपथ घेऊन सांगत होता की लावलाय. मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ द्या, अशी एक सोय त्या यंत्रणेतच असते; ती सुरू केल्यावर भांडण मिटलं.

म्हणून शहाण्यांनी एकामागून एक मुद्रण करण्याची रीत धरली. तबलजी आधी लेहऱ्यावर ठेका मुद्रित करून पाठवतो, पेटीवाला कानात इअरफोन घालून त्यावर वाजवतो, तिसरा कुणी दोन्ही जोडतो. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतल्या १८५ गायकांची ध्वनिमुद्रणं अशीच जोडून एक समूहगान केलं, तिथून ही कल्पना जगभर पसरली. पण आपल्या संगीतात त्यात मोठी उणीव राहते. तबलजी तिहाईची चाहूल लागून थांबत नाही, पेटीवाल्याला नवी जागा सुचली तरी समोर प्रतिसाद नाही. साथ होते, संवाद होत नाही. हौशी माणसाला ताल पक्का करायला हे उत्तम आहे. यालाच मैफल म्हणायला मात्र माझं मन घेत नाही. आधी बेंगळुरूच्या राडेलच्या तालमाला या इलेक्ट्रॉनिक तबल्यावर आणि आता फोनवरच्या तबल्याच्या ॲपवर रियाज करणाऱ्यांना ही गोष्ट पुरेपूर ठाऊक आहे.

आता कौतुक. ध्वनिमुद्रण आलं की दहा मिनिटांत अंगठे, फुलं आणि ‘वाह, क्या बात’ येतं. सात मिनिटांचं वादन दहा मिनिटांत बारा जणांनी ऐकलं असेल यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. याच्या नेमकं उलटं टोक म्हणजे संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने १९१८ साली व्हिएन्नात काढलेली खासगी मैफलींची संस्था. तिथे टाळ्या वाजवायलाही मनाई आणि नापसंती दाखवायलाही. नुसतं ऐका आणि घरी जा. हौशी वादकाला हे झेपणार नाही, कारण त्याला थोडा हात पाठीवर लागतोच. पण नुसत्या फुलांनीही काही होत नाही. एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितलेली गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी पेटीवर देस वाजवून पाठवला. खाली वीसेक फुलं पडली. एकाने मात्र लिहिलं होतं, ‘दुसऱ्या मिनिटाला कोमल निषादावरून खाली येताना तुम्ही थांबलात, तिथे अजून थोडं थांबा, ती जागा छान आहे.’ त्या म्हणाल्या, फुलं आठवत नाहीत, पण ते थांबणं तेव्हापासून रोज घोटते. या माणसाने चूक दाखवली नव्हती. त्याने फक्त जागा सांगितली होती, आणि ती सांगायची तर पूर्ण ऐकावं लागतं.

म्हणून ज्या गटांनी नियम केला की शेरा लिहायचा तर एका जागेचं नाव घ्यायचं, मिनिट आणि स्वर सांगायचा, तिथलं वादन सुधारताना मला दिसलं. तिथे शेरे कमी येतात, हेही खरं. दीडशे जणांच्या गटापेक्षा आठ-दहा जणांचा गट बरा, कारण दीडशे जणांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा ऐकेल. आणि आणखी एक नियम हवा: ज्याने पाठवलं त्यानेच इतरांचं ऐकलं पाहिजे. आपण वाजवलेलं लोकांनी ऐकावं आणि लोकांचं आपण ऐकायचं नाही, ही खोड हौशी लोकांत भरपूर आहे, माझ्यासकट.

गावात सध्या दुसरीकडे कराओकेचा सुकाळ आहे. सभागृहं महिनाभर आधी भरतात, साठीतली मंडळी कोट घालून मुकेश गातात, आणि घरच्यांना पहिल्या रांगेत बसावंच लागतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. माणसं घराबाहेर पडतात. पण तिथे ट्रॅक माणसाला ओढून शेवटापर्यंत नेतो, तोल गेला तरी गाणं चालूच राहतं. एकट्या पेटीला तसा कुणी आधार नसतो. शिवाय १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं, केशवराव भोसल्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. ते पुन्हा उभं राहील. तोवर मध्यम आकाराच्या सभागृहांवर ताण आहे आणि तिथे पेटीच्या एकल वादनाला तारीख मिळणं कठीण.

हक्कांचा प्रश्न लोक घाबरून विचारतात, म्हणून थोडक्यात. आपल्याकडे रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘मानापमान’चे लेखक खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली, त्यामुळे त्या चाली आता कुणीही मोकळेपणाने वाजवाव्यात. गीतरामायणाचं तसं नाही. गीतकार गदिमा १९७७ साली गेले, संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली, म्हणजे त्या चालींना अजून बरीच वर्षं संरक्षण आहे. घरी आणि आठ जणांत वाजवायला कुणी अडवत नाही; जाहीर ठिकाणी टाकलं तर मालकाचा दावा येऊ शकतो, बहुधा फक्त जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. जुन्या तबकडीच्या आवाजावर आपली पेटी चढवायची असेल तर तबकडीचा हक्क वेगळा मोजावा लागतो, प्रकाशनापासून ६० वर्षं. रागसंगीत वाजवणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही; भूप कुणाच्या मालकीचा नाही.

शेवटची अडचण साठवणुकीची, आणि तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष आहे. पूर्वीच्या खासगी मैफली काही जणांनी स्पूल टेपवर आणि नंतर कॅसेटवर जपल्या, त्यांच्या प्रती हातोहात फिरल्या, आणि आज अनेक कलाकारांचं उत्तम गाणं आपल्याला त्यामुळेच ऐकायला मिळतं. त्या टेपांवर निदान कुणीतरी निळ्या शाईने नाव, राग आणि तारीख लिहिलेली असायची. आज हौशी वादनाची शेकडो मुद्रणं फोनच्या पोटात पडून आहेत. फोन बदलला की गेली, आणि राहिली तरी फाइलच्या नावावरून काही कळत नाही. नुसते आकडे. यातलं सगळंच जपण्यासारखं नाही, पण पंचवीस वर्षांनी कुणाला कोल्हापूर-बेळगावची पेटी २०२५ च्या सुमारास घराघरांत कशी वाजत होती हे ऐकावंसं वाटलं तर त्याच्या हाती काय लागणार? एखाद्या संस्थेने वर्षातून एकदा सभासदांची निवडक मुद्रणं गोळा करून ठेवली तर काम फार मोठं नाही. वादकाचं नाव, गुरूचं नाव, राग, ताल, पट्टी आणि तारीख एवढी नोंद हवी.

आणि ती नोंद वादकाने स्वतःच्या आवाजातच करावी, सुरुवात करण्याआधी. १९०२ सालच्या तबकड्यांवर गायिका गौहरजान गाणं संपल्यावर आपलं नाव इंग्रजीत ओरडून सांगतात, त्याची आपल्याला गंमत वाटते. त्या तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं हे कळावं, म्हणून तो खटाटोप होता. आपण ‘भीमपलास, मध्यलय तीनताल, काळी एक’ असं म्हणून तारीख सांगितली की भाता उघडायला हरकत नाही.